कारखाना बाँडेड करताना : कलम ६५ ची वाट, पायरीपायरीने

भोसरीत आमचा पंपांच्या कंट्रोल पॅनेलचा छोटा कारखाना आहे. दीर प्रॉडक्शन बघतात, मी हिशेब आणि आयात बघते. पॅनेलमधले सेमीकंडक्टर मॉड्यूल, कपॅसिटर आणि काही सेन्सर बाहेरून येतात, आणि तयार मालातला निम्म्याहून जास्त परदेशी जातो. तरीही कित्येक वर्षं प्रत्येक कंटेनरची सगळी ड्युटी आम्ही न्हावाशेवालाच भरून मोकळे व्हायचो. परत निर्यात होणाऱ्या मालावरही आयातशुल्क आणि तेही आगाऊ! आयात कच्च्या मालाची ड्युटी तयार माल बाहेर काढेपर्यंत लांबवू देणाऱ्या, आणि निर्यात झाल्यास माफ करणाऱ्या, कस्टम्स कायद्याच्या कलम ६५ बद्दल कळलं तेव्हा विचारायला जवळपास कोणी नव्हतं. जो तो सल्लागाराचा नंबर द्यायचा. म्हणून आम्ही जे शिकलो ते इथे क्रमाने लिहिते.

अमेरिकेत अशी सोय असलेल्या क्षेत्रांना फॉरेन-ट्रेड झोन म्हणतात. तिथे १९३४ पासून कायदा आहे. आपल्याकडे कांडल्याचं निर्यात क्षेत्र १९६५ मध्ये झालं, अंधेरीचं सीप्झ १९७३ मध्ये. पण झोनमध्ये जायचं म्हणजे कारखाना हलवायचा. कलम ६५ चं वेगळेपण असं, की कारखाना आहे तिथेच राहतो आणि कस्टम्सच्या दृष्टीने तो बाँडेड वेअरहाउस, म्हणजे ड्युटी न भरता आयात माल ठेवायचं परवानाधारक गोदाम, होतो. हे कलम १९६२ च्या कस्टम्स कायद्यात आहे, पण छोट्या कारखान्याला जमेल अशी सुटसुटीत पद्धत आली ती १ ऑक्टोबर २०१९ च्या नियमांनी. त्या नियमांच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून (MOOWR) बाजारात या योजनेला ‘मूवर’ म्हणतात.

१. आधी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करा

सल्लागाराला फोन करण्याआधी हे करा. समजा १० लाख रुपयांचा कच्चा माल आला. उदाहरणापुरती मूळ ड्युटी साडेसात टक्के धरू, म्हणजे ७५,००० रुपये. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, ७,५०० रुपये. दोन्ही मिळून ८२,५००. आता १०,८२,५०० वर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी), म्हणजे १,९४,८५० रुपये. बंदरावर एकूण २,७७,३५० रुपये भरावे लागतात.

यातला आयजीएसटी तसाही क्रेडिटमधून परत मिळतो, त्यामुळे तिथे फायदा एवढाच की पैसा अडकून पडत नाही. खरी बचत त्या ८२,५०० मध्ये आहे. आलेल्या मालापैकी ६० टक्के तयार मालातून निर्यात झाला, तर ४९,५०० रुपये कधीच भरावे लागत नाहीत. उरलेले ३३,००० देशात विक्रीला माल बाहेर काढताना भरायचे, आणि तोवर मधल्या काळाचं व्याज नाही. साध्या वेअरहाउसमध्ये ९० दिवसांनंतर व्याज सुरू होतं. कलम ६५ ची परवानगी असलेल्या जागेत ते लागत नाही.

मशिनरी आयात करणार असाल तर फायदा आणखी मोठा. मशीन बाँडेड जागेत आहे तोवर त्याच्यावरची ड्युटी पुढे ढकललेली राहते.

आता वजा बाजू मांडा. कलम ६५ खाली तयार झालेल्या मालाच्या निर्यातीवर ड्रॉबॅकचे (निर्यातीनंतर मिळणाऱ्या ड्युटी-परताव्याचे) सर्वसाधारण दर लागू होत नाहीत, आणि आमचा हिशेब झाला तेव्हा रोडटेप, म्हणजे निर्यात मालात अडकलेल्या इतर करांचा परतावा, तोही अशा मालाला मिळत नव्हता. आम्हाला आधी रोडटेपपोटी वर्षाला किती मिळत होतं ते मी वेगळ्या रकान्यात लिहिलं, तेव्हा कुठे बचतीचा आकडा खरा झाला. ज्यांच्या मालात आयात भाग पाच-दहा टक्केच आहे, त्यांना बहुतेक वेळा ही योजना परवडत नाही. अशा दोघा कारखानदारांना मी स्वतः ‘करू नका’ असं सांगितलं आहे.

दुसऱ्या वाटाही तपासून घ्या. ॲडव्हान्स ऑथरायझेशनमध्ये माल ड्युटीशिवाय येतो, पण साधारण १८ महिन्यांत निर्यात करून दाखवावी लागते आणि किमान १५ टक्के मूल्यवर्धन लागतं. सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) निव्वळ परकीय चलन मिळकतीची अट आहे, आणि तिथला तयार माल देशात विकला तर तयार मालावर आयात झाल्यासारखी ड्युटी बसते. कलम ६५ मध्ये निर्यातीची सक्तीच नाही. देशात विकलं तर मालात गेलेल्या आयात कच्च्या मालापुरती ड्युटी, आणि तयार मालावर नेहमीचा जीएसटी. आमच्यासारखं ज्यांचं एक वर्ष निर्यातीचं आणि एक वर्ष देशी ऑर्डरचं असतं, त्यांना ही मोकळीक फार मोलाची आहे.

२. तुमचं काम या कलमात बसतं का ते पाहा

अर्ज करणारा भारतीय नागरिक किंवा भारतात नोंदलेली संस्था हवी. उत्पादन, जुळणी, पॅकिंग, लेबल लावणं, दुरुस्ती अशी कामं यात चालतात. मात्र काही कामं परवानगीबाहेर ठेवण्याचा अधिकार सरकारने २०२४ च्या दुरुस्तीने घेतला आहे. शिवाय २०२३ च्या अर्थ कायद्यात कलम ६५ अ आलं. त्यानुसार सवलत मूळ ड्युटीपुरती राहते आणि आयजीएसटी आयातीच्या वेळीच भरावा लागतो. हे कलम लागू होण्याची तारीख सरकारने अधिसूचनेने ठरवायची आहे. म्हणून अर्ज करण्याच्या आठवड्यात या दोन्हींची ताजी स्थिती तुमच्या सीएचएकडून (कस्टम्सची कामं करणाऱ्या एजंटकडून) लेखी घ्या. मशिनरीसाठीच योजना घेणाऱ्यांचं सगळं गणित त्यावर हलतं.

३. जागा तयार करा

अख्खा कारखाना बाँडेड करायचा की काही भाग, हे आधी ठरवा. आम्ही पहिल्यांदा फक्त स्टोअर आणि जुळणीचा हॉल दाखवणार होतो. दिरांनी विचारलं, “आणि टेस्टिंग? ते तर मागच्या शेडमध्ये होतं.” म्हणजे प्रत्येक पॅनेल दिवसातून दोनदा बाँडच्या हद्दीबाहेर जाणार आणि परत येणार! नकाशा पुन्हा काढला. तुम्हीही मालाचा एक नग हातात घेऊन गेटपासून डिस्पॅचपर्यंत चालत जा आणि तो जिथे जिथे थांबतो त्या सगळ्या जागा नकाशात आहेत ना ते बघा.

बाकी गोष्टी साध्या आहेत: मजबूत दारं, सुरक्षारक्षक, ठळक दिसेल असा ‘कस्टम्स बाँडेड वेअरहाउस’ असा फलक, आणि आवक, साठा, वापर, जावक यांची नोंद ठेवणारी संगणकीय व्यवस्था. जागा भाड्याची असली तरी चालते, पण करार पक्का आणि पुरेशा मुदतीचा असू द्या.

४. कागद जमवा

आमच्या फाइलमध्ये हे गेलं:

- पॅन, जीएसटी नोंदणी, आयईसी (आयात-निर्यात कोड)
- कंपनीच्या नोंदणीचे कागद, संचालकांची आणि सही करणाऱ्याची ओळखपत्रं, तसा ठराव
- जागेच्या मालकीचा किंवा भाडेकराराचा कागद, मोजमापासह नकाशा, चारही बाजूंच्या चतुःसीमा
- अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र
- बँक खात्याचा तपशील
- काय आयात करणार, काय बनवणार, दोन्हींचे एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचे) कोड आणि उत्पादनाची प्रक्रिया
- एका नगाला कोणता कच्चा माल किती लागतो त्याचा तक्ता
- वेअरहाउस कीपरची (बाँडेड मालाची जबाबदारी सांभाळणाऱ्या माणसाची) नेमणूक, त्याचा अनुभव आणि डिजिटल सही

नकाशा आणि प्रमाणपत्रं सहज जमतात. वेळ जातो तो कच्च्या मालाच्या तक्त्यात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

५. कच्च्या मालाचा तक्ता खरा ठेवा

आमच्या ड्रॉइंगनुसार एका पॅनेलला सहा कपॅसिटर लागतात. मी तेच लिहिणार होते. पण शॉपफ्लोअरवर चौकशी केली तर कळलं की शंभर पॅनेलमागे दहा-बारा कपॅसिटर टेस्टिंगमध्ये बाद होतात आणि तांब्याची पट्टी कापताना दोन्ही टोकांचे तुकडे उरतात. हे ड्रॉइंगमध्ये कुठेच नसतं. कागदावर सहाशे आणि प्रत्यक्षात सहाशे बारा खर्च झाले, तर ते बारा कपॅसिटर कुठे गेले याचं उत्तर ऑडिटच्या दिवशी तुम्हाला द्यावं लागतं. ते देता आलं नाही तर त्यावर ड्युटी आली.

म्हणून मी तीन महिने लाइनवरच्या मुलींना एक साधी वही दिली. त्यात तारीख, भाग, बाद झालेले नग आणि कारण एवढंच लिहायचं. त्या वहीवरून वाया जाण्याचं प्रमाण काढलं आणि तेच तक्त्यात दिलं. डिझाइन बदललं की नवा तक्ता बाँड ऑफिसरना, म्हणजे आपलं वेअरहाउस बघणाऱ्या कस्टम्स अधिकाऱ्यांना, कळवावा लागतो. आमच्या डिझाइन विभागाला हे अंगवळणी पडायला वेळ लागला, पण आता बदलाच्या प्रत्येक कागदावर तिसरी सही माझी असते.

६. वेअरहाउस कीपर निवडा

वेअरहाउसिंग आणि कस्टम्सच्या कामाचा अनुभव असलेला माणूस लागतो. अनेक ठिकाणी स्टोअरमधल्या सर्वांत जुन्या माणसाचं नाव टाकून देतात. तसं करू नका. आवक-जावकीच्या कागदांवर त्याच्या सहीने कायदेशीर जबाबदारी येते. आणि त्याच्या रजेच्या दिवशी काम कोण करणार, तेही आधीच ठरवा. आमचा पहिला कंटेनर नेमका अशाच दिवशी आला. ते पुढे सांगते.

७. अर्ज, पाहणी आणि बाँड

कलम ५८ चा खासगी वेअरहाउसचा परवाना आणि कलम ६५ ची परवानगी यांसाठी अर्ज एकच असतो. तो तुमच्या भागाच्या कस्टम्स आयुक्तांकडे जातो. अधिकारी जागा पाहायला येतात. त्या दिवशी नकाशाची मोठी प्रत भिंतीवर लावून ठेवा आणि संगणकावर नमुन्याची एक आवक व एक जावक नोंद करून दाखवा. बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

मग बाँड, म्हणजे कस्टम्सला दिलेलं हमीपत्र. तो मालावरच्या ड्युटीच्या तिप्पट रकमेचा असतो. वरच्या १० लाखांच्या मालाचं उदाहरण घेतलं तर २,७७,३५० च्या तिप्पट, म्हणजे ८,३२,०५०. बँक गॅरंटी लागत नाही, ही छोट्या कारखान्याला मोठी सोय आहे. पण रक्कम ठरवताना एका कंटेनरचा नव्हे, वर्षातल्या सगळ्यात भरलेल्या दिवसाचा साठा धरा. माल येतो तशी बाँडमधली शिल्लक कमी होते, माल बाहेर पडला की ती पुन्हा वाढते. शिल्लक संपली की पुढचा कंटेनर बंदरावर अडकतो आणि त्याचं भाडं तुमच्या माथी. दिवाळीच्या आधी साठा चढतो, मशीनही त्याच सुमाराला येतं, आणि घोळ होतो तो तेव्हाच.

विमा उतरवताना मालाच्या किमतीत ड्युटीची रक्कमही धरा. माल पेटला तर ड्युटीचा प्रश्न आपोआप सुटत नाही.

परवान्याला दरवर्षी नूतनीकरण लागत नाही. तो परत करेपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत चालू राहतो. परवान्यासोबत वेअरहाउस कोड मिळतो. तो मिळाल्याशिवाय परदेशी पुरवठादाराला माल पाठवायला सांगू नका. परवानगीच्या आधी आलेल्या आणि ड्युटी भरलेल्या मालाला मागून सवलत मिळत नाही.

८. पहिला कंटेनर

इथे नेहमीच्या बिल ऑफ एंट्रीऐवजी (आयात मालाच्या घोषणापत्राऐवजी) वेअरहाउसिंगची, म्हणजे ‘इनबाँड’ बिल ऑफ एंट्री भरतात. बंदरावर कस्टम्स एकदाच वापरायचं कुलूप लावतं आणि त्याचा नंबर कागदावर असतो. कारखान्यात कंटेनर आला की पहिलं काम कुलूप शाबूत आहे का आणि नंबर जुळतो का ते पाहणं. मग माल उतरवणं, मोजणं, आणि फरक असेल तर २४ तासांच्या आत बाँड ऑफिसरना कळवणं.

आमचा कंटेनर रात्री साडेअकराला आला. कीपर गावी गेलेला. ड्रायव्हरला परत जायची घाई होती, आणि रात्रपाळीच्या रखवालदाराने नेहमीच्या सवयीने कटर आणून कुलूप तोडलं. मी पोचले तेव्हा दार उघडं, पहिल्या दोन पॅलेट खाली, आणि कुलपाचे दोन तुकडे त्याच्या खिशात. त्या माणसाची काहीच चूक नव्हती. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती चूक माझी. मी उतरवणं थांबवलं, तुकडे शेजारी ठेवून नंबर दिसेल असा फोटो काढला, कागदावरच्या नंबराशी ताडला, सगळा माल पहाटेपर्यंत मोजला आणि सकाळी पहिली मेल बाँड ऑफिसरना केली. नग पूर्ण होते, नंबर जुळत होता, म्हणून निभावलं.

त्या दिवसापासून गेटवर मराठीत मोठ्या अक्षरांत कागद लावला आहे: ‘कंटेनर आला की कुलपाला हात लावायचा नाही. आधी फोन. फोटो. नंबर वहीत. मग कटर.’ खाली तीन माणसांचे फोन नंबर आहेत. कटर आता माझ्या कपाटात असतं. परवाना मिळायच्या आधी हा कागद तुमच्या गेटवर लागू दे.

९. माल बाहेर काढताना

निर्यातीचा माल शिपिंग बिलावर (निर्यातीच्या घोषणापत्रावर) जातो आणि त्यातल्या आयात कच्च्या मालावरची ड्युटी माफ होते. देशात विकायचा असेल तर त्या मालात गेलेल्या आयात भागांची ‘एक्स-बाँड’, म्हणजे वेअरहाउसमधून माल काढण्याची, बिल ऑफ एंट्री भरायची, ड्युटी भरायची आणि मगच गाडी गेटबाहेर.

इथे एक बारकावा आहे. डॉलरचा दर इनबाँडच्या दिवशीचा धरतात, पण ड्युटीचा दर एक्स-बाँडच्या दिवशीचा. म्हणजे माल जानेवारीत आला आणि फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात दर वाढला, तर मार्चमध्ये काढताना वाढलेला दर लागतो. कमी झाला तर फायदाही तुमचाच. देशात विकायचं पक्कं असलेला माल मी जानेवारीअखेरीस साठवून ठेवत नाही.

मशीनचंही तसंच. पाच वर्षं वापरून मशीन देशात विकायला काढलं तरी या योजनेत घसारा मिळत नाही. मूळ किमतीवर त्या दिवसाच्या दराने ड्युटी लागते. निर्यात केलं तर लागत नाही. जुनं मशीन कमी ड्युटीत सुटेल या आशेवर आकडेमोड करणारे बरेच जण भेटले. निर्यात उद्योगांच्या दुसऱ्या योजनेतला घसाऱ्याचा नियम ते इथे लावतात.

१०. भंगाराकडे लक्ष द्या

भंगारवाला शनिवारी येतो, वजन करतो, पैसे देतो आणि जातो. बाँडेड कारखान्यात असं चालत नाही. तांब्याचे तुकडे, बाद झालेले कपॅसिटर हे सगळं अजून कस्टम्सच्या हिशेबात आहे. देशात विकायचं तर त्यावरची ड्युटी भरून. नाहीतर नष्ट केल्याची रीतसर नोंद हवी. आम्ही स्टोअरच्या कोपऱ्यात जाळीचा पिंजरा करून घेतला. आयात मालाचं भंगार लाल क्रेटमध्ये, देशी मालाचं निळ्या. दोन्ही मिसळलं की सगळंच आयात धरलं जाण्याची भीती असते.

देशी कच्चा माल बाँडेड जागेत आणायला हरकत नाही, पण त्याची नोंद पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. जॉबवर्कला माल पाठवता येतो. त्याचं चलान, गेलेले नग, परत आलेले नग आणि तिथलं भंगार या चारही गोष्टी एकाच पानावर दिसू द्या.

११. महिन्याचं विवरण

प्रत्येक महिना संपल्यावर १० दिवसांच्या आत आवक, साठा, वापर आणि जावक यांचं विवरण द्यायचं. ते आइसगेटवर (कस्टम्सच्या संकेतस्थळावर) चढवण्याची सोय आता झाली आहे. नोंदी किमान पाच वर्षं जपायच्या, आणि त्यांची डिजिटल प्रत कारखान्याबाहेर दुसऱ्या जागी ठेवायची, असा नियमच आहे. मी दर शुक्रवारी प्रत घरी नेते.

विवरण १० तारखेला करायला बसू नका. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी लाइन थांबवून आम्ही सगळ्यात महाग पाच भाग हाताने मोजतो. सॉफ्टवेअरमध्ये ४१२ आणि रॅकवर ४०९ निघाले, तर ते तीन त्याच संध्याकाळी शोधायचे, कारण तेव्हा लाइनवरच्या कुणाला तरी आठवत असतं. मागच्या वेळी ते तीन टेस्टिंगच्या टेबलखालच्या डब्यात मिळाले. बाद म्हणून टाकलेले, वहीत चढवायचे राहिलेले.